पुढचं दार

"१२ मार्च २०२४, हर्नडन. सकाळपासून पाऊस. इंग्लंडहून गावाच्या इतिहासाचा मसुदा आला," डायरीत एवढं लिहून कांचनताई तो वाचायला बसल्या.

अमेरिकेत येण्याआधी त्यांचे दिवंगत पती, डॉ. हेमचंद्र, त्या गावात सहा वर्षं डॉक्टर होते. गावातलं घर न् घर टेकडीवरच्या हवेलीच्या मालकीचं. मसुद्यात लिहिलं होतं, 'हवेलीनं भारतीय डॉक्टरांचं पहिल्या दिवसापासून मनापासून स्वागत केलं.'

कांचनताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कपाटातून आपली १९६७ची, इंग्रजीत लिहिलेली डायरी काढली. त्यात सगळं नोंदलेलं होतं. हवेलीच्या पुढच्या दारानं हेमचंद्रांना कधीच आत घेतलं नव्हतं. मालकीणबाईंना न्यूमोनिया झाला तेव्हाही ते मागून, स्वयंपाकघरातूनच गेले होते, तेही बूट बाहेर काढायला लावून.

"आई, लेट इट गो ना," मुलगी आसावरी म्हणाली. "आता कोण वाचणारेय ते?"

"वाचणार नसतील तर छापतात कशाला? मनापासून म्हणे. बाबांच्या बुटांना विचार."

आसावरीनं त्या पानांचे फोटो काढले. कांचनताईंनी ते इंग्लंडला पाठवले आणि सोबत लिहिलं, 'हे वाक्य बदला, नाहीतर माझ्या नवऱ्याचं नाव काढून टाका.'

संध्याकाळी आजच्या नोंदीत शेवटची ओळ पडली : "मुगाची खिचडी केली. तूप संपलं."