चुन्याच्या रेषेपासून किती फूट

खालापूरच्या दुकानात माझ्या गाडीला चार नवे टायर बसले, त्या दिवशी मी आमच्या गावापर्यंत, पोशीरपर्यंत, मोठमोठ्यानं गाणं म्हणत आले. गाडीत एकटीच होते, त्यामुळे कुणाची भीड नव्हती. बेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकलेली मी, आणि जुनी का असेना, स्वतःच्या पगारातून घेतलेली ती गाडी. जुने टायर अगदी गुळगुळीत झाले होते. नवे घेतले ते दुकानातले सगळ्यात स्वस्त. कंपनीचं नाव मी कधी ऐकलंच नव्हतं. दुकानदार म्हणाला, "ताई, नाव मोठं नाही, पण माल ताजा आहे." टायर ताजा म्हणजे काय ते मला कळलं नाही. भाजीसारखं काहीतरी असावं, असं वाटून मी मान हलवली.

घरी आले तर माझा दीर ओट्यावर बसलेला. माझ्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. आमच्या शेजारचंच घर त्याचं. आम्ही दोघंही मोहोपाड्याला कामाला, तो एका कारखान्यात मशीनवर आणि मी दुसऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये. पाळ्या वेगळ्या, म्हणून गाड्याही वेगळ्या. आणि गंमत म्हणजे दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, दोन्ही सेकंडहँड. माझी पांढरी, त्याची करडी.

तो उठला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि टायरला लाथ घातली.

"वैनी, ह्ये काय लावून आनलंत? ह्या कंपनीचं नाव तरी कुनी ऐकलंय का?"

"नवीन आहेत, भाऊजी."

"नवीन आसून काय करायचं? माझं बघा. मोठ्या कंपनीचं टायर हाय. नक्षी बघा, आजून जशीच्या तशी. तुमची गाडी ओल्या रस्त्यावर साबनावानी सरकंल."

इथवर मी हसत होते. पण मग तो म्हणाला, "उद्यापासनं पोरींना मीच सोडीन शाळेत. तुमच्या गाडीत नको."

त्याच्या दोन मुली रोज सकाळी माझ्याबरोबर कर्जतपर्यंत यायच्या. पाढे, भांडणं, वेण्यांच्या रिबिनी, सगळं माझ्या मागच्या सीटवर चालायचं. दुसऱ्या दिवशी त्या करड्या गाडीत बसल्या आणि काचेतून मला हात करत पुढे निघून गेल्या. कर्जतपर्यंत माझी गाडी अशी शांत कधी गेली नव्हती. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटत होती. तो म्हणतोय ते खरं असलं तर?

आठवडाभर आमचा वाद चालला. घरी चालला, फोनवर चालला, आणि एका शुक्रवारी आमच्या कारखान्याच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर चालला. तिथं आमच्या लॅबचे मोठे साहेब चहा पीत होते. कर्जतच्या जुन्या घराण्यातले, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे, आणि तोलल्या-मापल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारे. त्यांनी आमचं दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "भांडता कशाला? मोजा की! गाडी एक, रस्ता एक, वेग एक. ब्रेक मारा आणि कुठली कुठं थांबते ते बघा. रविवारी या कॉलनीत. टेप माझी."

दीर लगेच म्हणाला, "चालंल."

मीही "चालेल" म्हणून टाकलं.

साहेब राहायचे त्या कॉलनीच्या मागे एक सरळ काँक्रीटचा रस्ता आहे. पूर्वी तो एका गोदामाकडे जायचा. गोदाम बंद पडल्यापासून तिथं कुणी फिरकत नाही. रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा साहेबांनी वॉचमनला सांगून दोन्ही टोकांना ड्रम आडवे लावून घेतले होते. रस्त्यावर चुन्याची एक जाड रेष मारली होती आणि बागेच्या पाइपनं रेषेपुढचा सगळा रस्ता भिजवून काढला होता. कडेच्या गवतात पंधरावीस माणसं उभी होती. क्रिकेटची मॅच असावी तशी!

साहेबांनी नियम सांगितले. पट्टा लावायचा. काटा चाळीसवर ठेवायचा. पुढची चाकं रेषेवर आली की ब्रेक, पूर्ण ताकदीनं, आणि गाडी थांबेपर्यंत पाय उचलायचा नाही. दोन्ही गाड्यांच्या टायरमधली हवा त्यांनी स्वतः तपासली.

आधी मी. चाळीसचा वेग एरवी काहीच नाही, पण तिथं ती पांढरी रेष अशी अंगावर धावून आली की मी ब्रेक दाबला आणि घाबरून लगेच पाय उचलला. गाडी डुलत डुलत लांब गेली. गवतातून हशा आला. दीर ओरडला, "काय वैनी, चाललात कुटं? पनवेलला?"

"ही धरायची नाही," साहेब म्हणाले. "पुन्हा."

दुसऱ्या वेळी मी दात आवळले. रेष आली. मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले. पट्टा खांद्यात रुतला, डॅशबोर्डवरचा चष्मा उडून खाली पडला, टायर करकरले आणि गाडी थांबली. जागच्या जागी! निदान मला तरी तसंच वाटलं. मला हसू आवरत नव्हतं. इतकी वर्षं गाडी चालवतेय, पण ब्रेक असा पुरा कधी दाबलाच नव्हता. गाडीत एवढी ताकद असते हे मला त्या दिवशी कळलं.

साहेबांनी टेप ताणली. "बेचाळीस फूट."

आता दीर. त्यानं मोठ्या ऐटीत गाडी मागं नेली. काटा चाळीसवर आणून रेषेवर बरोब्बर ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण गाडी थांबेना. ती सरकतच राहिली. माझी गाडी थांबली होती तिथून पुढे, गवतातल्या माणसांच्याही पुढे, शेपूट जरा तिरकं करत.

"एकसष्ट."

"पानी जास्त मारलंय हितं!" दीर उतरता उतरता म्हणाला.

साहेबांनी पुन्हा दोघांना पळवलं. आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण फरक तेवढाच राहिला. मग दीर म्हणाला, "वैनींचा पाय जड हाय, त्यांचा ब्रेक जोरात बसतो." साहेबांना बहुतेक हेच हवं होतं. "मग गाड्या बदला," ते म्हणाले.

दीर माझ्या गाडीत बसला आणि मी त्याच्या. तो माझी गाडी घेऊन रेषेवर आला आणि दाबला ब्रेक. गाडी थांबली ती चाळीस फुटांच्याही आत. गवतातली माणसं ओरडायला लागली. तो मात्र स्टिअरिंगला धरून तसाच बसून राहिला.

मग मी त्याची गाडी घेतली. रेष आली, ब्रेक दाबला, आणि पायाखालून काहीतरी निसटलं. स्टिअरिंग हलकं झालं. मी वळवतेय आणि गाडी ऐकत नाही. दोन-तीन क्षणच, पण त्यात मला मागच्या सीटवर रिबिनी बांधलेली दोन डोकी दिसली. गाडी थांबल्यावर मी वळून बघितलं. सीटवर एक कंपासपेटी होती, तीही घसरून खाली पडली होती. माझं सगळं हसू पळालं.

उतरले तर साहेब उकिडवे बसून दिराच्या टायरच्या कडेला बोटानं काहीतरी पुसत होते. "इकडे या दोघंही. हे चार आकडे वाचा. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. टायर कधी तयार झाला ते."

दिरानं वाचलं. बोटावर मोजलं. "धा वर्षं झाली?"

"गाडी घेतलीत तेव्हापासूनचेच ना हे? आधीचा मालक फार चालवत नसणार, म्हणून नक्षी शिल्लक आहे. पण रबर वाळलंय. नख लावून बघा."

त्यानं नख लावलं. मग माझ्या टायरला लावलं. परत स्वतःच्या टायरला. तेव्हा मला दुकानदाराच्या 'ताज्या' मालाचा अर्थ कळला.

"आठ दिस पोरींना ह्याच्यात नेतोय मी," तो हळूच म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला जिंकल्याचं काही वाटलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, चला, खालापूरचं दुकान रविवारी उघडं असतं."

त्या दुकानात त्यानं प्रत्येक टायरवरचे आकडे वाचून दुकानदाराला भंडावून सोडलं. शेवटी माझ्या टायरहून थोडे वरच्या दर्जाचे घेतले. मानी माणूस! सोमवारी मुली माझ्या गाडीत परत आल्या आणि कर्जत येईपर्यंत दोघींची एका पेन्सिलीवरून मारामारी चालली होती.

त्या स्वस्त टायरांना आता दीड वर्ष झालं. खोटं कशाला सांगू, ते आवाज करतात. वेग वाढला की घूं घूं असं काहीतरी सुरू होतं आणि रेडिओ मोठा करावा लागतो. एक टायर खड्ड्यात आपटून कडेला फुगला, तो टाकून द्यावा लागला. झिजतातही लवकर. पण दगा त्यांनी एकदाही दिला नाही.

आमच्या त्या रविवारची बातमी मात्र कॉलनीभर झाली. लगेच पुढच्याच रविवारी ड्रमांपाशी सात गाड्या उभ्या. कुणी टायरचे आकडे वाचतंय, कुणी हवा तपासतंय, आणि साहेब टेप घेऊन नवऱ्यामुलाच्या बापासारखे फिरतायत. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणतो, कडेला उभ्या होत्या. लायसन काढून वीस वर्षं झाली, पण साहेब शेजारी बसले की सूचना देतात म्हणून त्यांनी गाडी चालवणंच सोडलं होतं.

त्या माझ्याजवळ आल्या आणि कुजबुजल्या, "मला एकदा ब्रेक दाबू दे ना गं."

मी किल्ली दिली आणि शेजारी बसले. साहेब "अगं, अगं" म्हणेपर्यंत गाडी सुटली होती. काकूंनी पदर खोचलेला, नजर रेषेवर, आणि काटा चाळीसवर कसला, पन्नासला टेकलेला. मी पट्टा दोन्ही हातांनी धरला. रेष आली, काकूंनी ब्रेक दाबला, पाणी दोन्ही बाजूंनी उडालं आणि साहेबांच्या पँटवर गेलं.

गाडी थांबली. मग काकू स्टिअरिंगवर थाप मारून इतक्या मोठ्यानं हसल्या, की मागच्या गाडीतल्या माणसानं हॉर्न वाजवला.

"परत," त्या म्हणाल्या, आणि रिव्हर्स गिअर शोधायला लागल्या.