सेलमामांचा दबलेला रेडिओ

सेलमामांकडे बिघडलेला रेडिओ नेला, की ते आधी रेडिओकडे बघतच नसत, नेणाऱ्याकडे बघत. चुलीजवळ ठेवता काय, लेकरानं पाडला काय, बायकोशी भांडताना आपटला काय, अशी चौकशी की फौजदारानं शिकून घ्यावी. अर्धे लोक तिथंच कबुली देऊन टाकत. मग मामा मागचं झाकण काढत आणि आतून बहुधा एखादं झुरळ निघे.

मी तेव्हा रिठदच्या शाळेत नवी बाई होते आणि मामांच्या शेजारी खोली घेऊन राहत होते. लोकांचे संपलेले सेल मामांच्या अंगणात उन्हात मांडलेले असत. ऊन दिलं की अजून दोन दिवस चालतात, असं त्यांचं म्हणणं. नाव त्यावरूनच पडलं. मामींना कुरड्या मात्र माझ्या दारात वाळवाव्या लागत.

त्या उन्हाळ्यात मामांच्या घरच्याच रेडिओचा आवाज दबला. निदान मामा तसं म्हणत. पार केनवडहून लोक ज्याच्याकडे रेडिओ घेऊन येतात, त्याच्याच घरी आवाज निघू नये, हा त्यांच्या अब्रूचा प्रश्न झाला. त्यांनी सेल बदलले, पट्ट्यांवरचा गंज घासला, मंगरूळपीरहून नवा स्पीकर आणून बसवला. इकडे माझ्या खोलीतली भांडी थरथरत, आणि शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकून ऐकून मला शेती यायला लागली होती. शेवटी तक्रार करायला गेले, तर मामींनी दारातच हात धरला.

"रेडिओ चांगला हाय बाई," आत बसलेल्या मामांकडे बोट करून त्या हळूच म्हणाल्या. "यायचे कान गेले. तुमी काही बोलू नका."

मी बोलले नाही. गल्लीत कुणीच बोललं नाही. मामांनी विचारलं, की आम्ही गंभीर चेहऱ्यानं, हो, जरा दबलाच आहे, असं ओरडून सांगत असू. मामांना तो आमचा आदर वाटे.

एके दिवशी ताडून पाहायला त्यांनी माझा रेडिओ मागितला. नाही म्हणवेना. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले, एकच स्टेशन लावलं आणि दोन्हींचा आवाज पूर्ण सोडला. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मामांनी आधी एकाला, मग दुसऱ्याला कान लावला; दोन्ही सारखेच दबलेले. मग एकेक बंद करून ते मामींकडे वळले.

"तुले कवापासून माहीत होतं?"

मामींनी चार बोटं दाखवली. चार महिने.

मला रडू यायला लागलं होतं. मामा म्हणाले, "अन् म्या बिचाऱ्याचा चांगला स्पीकर काढून फेकला."

काम थांबलं नाही. स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवून ते बिघाड सांगू लागले आणि पूर्वीइतकेच खरे ठरू लागले. चौकशी तेवढी आता मामी करत, अन् ती जास्त कडक असे.

पुढं माझी बदली झाली. निरोपाला गेले, तर मामांनी माझा रेडिओ मागवून घेतला, हात ठेवून पाहिला आणि परत दिला.

"चांगला हाय. नव्या गावात मोठ्यानं लावत जा बाई. शेजारी भांडाले तरी येतीन. तुमी नाही आल्या होत्या काय?"

म्हणजे मामींनी दारातच अडवलेली ती तक्रार पुढं त्यांना कळली होती.

नव्या गावी पहिल्याच संध्याकाळी मी आवाज पूर्ण सोडला. थोड्या वेळानं दार वाजलं. मामांची इतकी आठवण आली, की डोळे पुसून ते उघडायला मला जरा वेळच लागला.