तांदुळज्यातला धोतरा

चाकणच्या कंपनीत मी आयुष्यभर क्वालिटी बघितली. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी. निवृत्तीनंतर चऱ्होलीत आमच्या सोसायटीनं मागच्या मोकळ्या जागेत खाद्यवन लावलं, तेव्हा ती खोड माझ्याबरोबर तिथंही आली. शेवगा, पपई, लिंबू, त्यांच्या सावलीत पालेभाज्या आणि दर रविवारी कामाला येणारे हौशी लोक. पुस्तकं वाचून आणि व्हिडिओ बघून मी त्या सगळ्यांचा मास्तर झालो.

तण उपटायचं नाही, हा माझा हट्ट. गावातल्या एक मावशी खुरपणीला यायच्या. तांदुळज्याच्या वाफ्यात मध्येच उगवलेली रोपं दाखवून त्या म्हणाल्या, "भाजीत भाजीच असावी, साहेब. दुसरं काय बी ठेवू न्हाई." तण म्हणजे जमिनीचं पांघरूण कसं, यावर मी त्यांना व्याख्यान दिलं. त्या खुरपं उचलून दुसरीकडे गेल्या. त्या रोपांकडे मी वाकून बघितलंसुद्धा नाही.

पुढच्याच रविवारी पालेभाज्यांची कार्यशाळा होती. दिघीहून एक तरुण आई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच आली होती. पोरगी हिरवं काही तोंडात घेत नाही, अशी तिची तक्रार. स्वतः कापलेलं खाईल, असं मी छातीठोकपणे सांगितलं. तांदुळज्याची शेवटची ओळ दोघींना दिली, मुलीच्या हातात कात्री दिली आणि जुडी बांधून पिशवीत मीच घातली.

सगळे गेल्यावर मी वाफ्यांना पाणी द्यायला गेलो. शेवटच्या ओळीत एक वेगळंच रोप उभं होतं, पानं रुंद आणि कडा वाकड्यातिकड्या. शेजारी तसल्याच जाड देठांचे दोन बुडखे, कात्रीनं नुकतेच कापलेले. पान चुरगळून नाकाशी नेलं, तर उग्र वास आला. तो धोतरा होता.

नोंदवहीत त्या आईचा नंबर आणि पत्ता होता. रिंग वाजत राहिली, उचलला कुणीच नाही. पाच वेळा लावला. भाजी खाऊ नका, असा मेसेज टाकला, तो वाचल्याची खूण येईना. साडेबारा वाजले होते. रविवारी लवकर जेवणारी माणसं असली तर? मी स्कूटर काढली.

दिघीच्या चौकात सिग्नल लागला. एवढ्याशा पोरीला किती पानं बाधतात, हे मला माहीतच नव्हतं. तण राखायला शिकवत होतो, तण ओळखायला कुणी शिकायचं? लोक मला काय म्हणतील, हेही तेवढ्यात मनात आलं. त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

गेटवर वॉचमनशी भांडून मी दुसऱ्या मजल्यावर पळालो. दार तिनंच उघडलं. फोन बेडरूममध्ये चार्जिंगला होता. मी चपलांसकट आत घुसलो. मुलगी ताटावर बसली होती. ताटात पोळी आणि भाजी, दोन्ही तशीच. दह्याशिवाय खाणार नाही म्हणून ती अडून बसली होती आणि वडील खाली दही आणायला गेले होते. कुणी घास तरी घेतला का, हे मी तीनतीनदा विचारलं. घेतला नव्हता. ताटातली आणि कढईतली भाजी मी कचऱ्याच्या पिशवीत ओतली. आपण कापलेली भाजी टाकली म्हणून पोरीनं भोकाड पसरलं.

मग मी सगळं सांगितलं, मावशींचं बोलणंसुद्धा. तिनं मला शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं. तिनं रडणाऱ्या मुलीला जवळ घेतलं.

"काका," ती म्हणाली, "बाजारातली जुडी मी पान न् पान बघून निवडते. ही तुम्ही दिलेली, म्हणून नुसती धुतली आणि चिरली."