आत्याच्या ओळखीतल्या बायका

मुंबईत भिंतींवर टांगलेल्या जेवढ्या म्हणून बायका आहेत, त्या सगळ्यांना माझी आत्या ओळखत असे. फोर्टातल्या घुमटाच्या म्युझियममधली पंखा घेऊन बसलेली पारशीण, राणीच्या बागेशेजारच्या म्युझियममधली टोपलीवाली कोळीण, काळ्या घोड्याच्या गॅलऱ्यांमधून आठवड्या-आठवड्याला बदलणाऱ्या, केस विंचरणाऱ्या, गजरा माळणाऱ्या, खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या असंख्य बायका, या सगळ्यांची खबरबात तिच्याकडे असायची. जेवताना आमटी वाढून घेता घेता ती सांगायची, "ती हिरव्या चोळीतली हलवली रे तिथून. आता जिन्यापाशी लावलीय. तिथे दुपारचं ऊन येतं, काळवंडेल बिचारी." माझं लग्न झाल्यावर पहिले दोन-तीन महिने बायकोला वाटत होतं की आत्यांची कुठेतरी मोठी भिशी आहे आणि ह्या सगळ्या त्यातल्या मेंबर आहेत.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. एका सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती आणि पहिल्यापासून आमच्याकडेच राहायची, आधी लालबागच्या चाळीत आणि चाळ पाडून इमारत झाल्यावर तिथल्याच अकराव्या मजल्यावर. ती रिटायर झाली तेव्हा शेजारच्या बायकांनी भजनी मंडळात तिची जागा धरून ठेवली होती. आत्याने तिसऱ्या दिवशी छत्री उचलली, दोन घावने आणि लसणीची चटणी डब्यात घेतली आणि चित्रं बघायला निघून गेली. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार तिचे ठरलेले. त्या दिवशी घरात कोणी आजारी पडायचं नाही, पाहुण्यांनी यायचं नाही आणि गॅसवाला आला तर त्याने शेजारी सांगून जायचं. डब्यातला एक घावन तिचा आणि एक दारावरच्या वॉचमनचा. त्यामुळे कुठल्या गॅलरीत पुढच्या आठवड्यात काय लागणार आहे, हे वर्तमानपत्राच्या आधी तिला कळत असे.

पण चित्रं बघण्याची तिची तऱ्हा अशी होती की कोणा कलावंताने बघितली असती तर रंगपेटी समुद्रात टाकली असती. निसर्गचित्रांच्या खोलीतून ती बस चुकल्यासारखी भराभर निघून जाई. "झाडं बघायची तर राणीच्या बागेत फुकट आहेत." देवादिकांच्या मूर्तींना चालता चालता नमस्कार. बाईमाणसाचं चित्र आलं की मात्र पाय थांबायचे. मग पर्समधून दुसरा चष्मा निघायचा, तो पहिल्या चष्म्यावर चढायचा आणि आत्या चित्राच्या इतकी जवळ जायची की बघणाऱ्याला वाटावं, आता ही त्या बाईच्या कानात काहीतरी सांगणार. एकदा असंच जवळ गेल्यावर कुठलीतरी धोक्याची घंटा वाजायला लागली. सगळे रखवालदार धावत आले. आत्याने मान न वळवता सांगितलं, "कोणाचा तरी फोन वाजतोय. घ्या रे कोणीतरी."

चित्रकार हजर असला तर त्याची धडगत नसे. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "हिला समोर बसवलं होतंत की फोटोवरून काढलंत?" फोटोवरून म्हटलं की ती पुढे जाई. समोर बसवून म्हटलं की चौकशी सुरू. किती वेळ बसवलं, मध्ये उठू दिलं का, चहा दिला का, खोलीत पंखा होता का. एक दाढीवाला चित्रकार तिला मोठ्या नम्रपणे म्हणाला, "काकू, ही बाई माझ्या कल्पनेतली आहे." आत्या म्हणाली, "कल्पनेतल्या बाईचं कोपर एवढं काळं नसतं. भांडी घासणारी आहे ती. नाव काय तिचं?" त्याला ते सांगता येईना. नाव विचारायची त्याला आठवणच राहिली नव्हती. आत्या त्याच्याकडे बराच वेळ नुसती बघत राहिली आणि तो इतका ओशाळला की तिला जिन्यापर्यंत सोडायला आला. नुसते रंगाचे चौकोन काढणाऱ्या एका मुलीला तिने विचारलं होतं, "ह्याच्यासाठी कोणाला बसावं लागलं का?" मुलगी म्हणाली, "नाही आजी, हे माझं अंतर्मन आहे." "मग बरं. कोणाला त्रास नाही." आणि जाताना अभिप्रायाच्या वहीत तिने व्यवस्थित अक्षरात लिहिलं, "हॉल हवेशीर. रंग ताजे. असंच चालू ठेवावे."

आम्ही हसायचो. शेजारीही हसायचे. हसायचे नाहीत ते फक्त माझे वडील. आत्या चित्रांचं काही सांगू लागली की ते अर्धं जेवण टाकून हात धुवायला उठत. मला वाटायचं, बहिणीच्या विक्षिप्तपणाची त्यांना लाज वाटते.

मग आत्याचे गुडघे गेले आणि तिला एकटीला पाठवणं धोक्याचं झालं. माझं काम घरून चालायचं, म्हणून शुक्रवारची जबाबदारी माझ्यावर आली. टॅक्सीने गेलो तर ती वाटभर टॅक्सीवाल्याकडे संशयाने बघे, म्हणून बसनेच जायचं. असेच एका दुपारी आम्ही काळ्या घोड्याच्या एका गॅलरीबाहेर कठड्यावर बसलो होतो. घावने खाऊन झाले होते. मी सहज विचारलं, "आत्या, तुला चित्रात नक्की काय आवडतं गं?"

"मला चित्रातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मी माणूस शोधत्येय."

ती डब्याचं झाकण लावायला लागली. झाकण लागेना, तेव्हा मी डबा हातात घेतला.

"तुला अजून एक आत्या होती," ती म्हणाली. "माझ्या पाठची. नलू."

मी चाळिशीला आलो होतो आणि हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. आत्या रस्त्याकडे बघत, एखाद्याला फोन जोडून देताना बोलतात तशा एकसुरी आवाजात सांगत गेली. नलू एकोणीस वर्षांची होती. आजोबा आजारी पडून गिरणीतून रजेवर होते. नलूने घरी सांगितलं की शिवणक्लासमध्ये काम मिळालंय. खरं म्हणजे ती चित्रकला शिकणाऱ्या मुलांसमोर बसायला जात होती. साडी नेसून, कधी घागर घेऊन, कधी फुलं घेऊन, तासन्‌तास न हलता. हे एकट्या आत्याला माहीत होतं. नलू घरी आली की आत्या तिचे पाय चेपून द्यायची, कारण ते मुंग्या येऊन बधिर झालेले असत. मग वर्षाअखेरीला त्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि चाळीतल्या एकाने तिथे नलूचं चित्र बघितलं. चाळीत बातमी पोचेपर्यंत त्या चित्रातल्या नलूच्या अंगावर साडी उरली नव्हती.

"आबांनी, तुझ्या आजोबांनी, तिला दारात उभं केलं," आत्या म्हणाली. "मग माझ्याकडे वळून विचारलं, तुला ठाऊक होतं काय? नलू माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हटलं."

मी डबा मांडीवर ठेवला.

"नलूने माझ्यावरची नजर काढली. चपला घातल्या आणि गेली. आबांनी घरातल्या एकुलत्या एका फोटोतून तिला कात्रीने कापून काढलं. दोन वर्षांनी कोणाकडून तरी कळलं की ती नागपुरात काविळीने गेली. आबांनी आंघोळ केली आणि कामाला गेले." मग ती म्हणाली, "आवाज आठवतो रे तिचा. पस्तीस वर्षं आवाजच तर ऐकले. पण चेहरा गेला. कितीही डोळे मिटून बसले तरी येत नाही. कोणीतरी काढलेला असणार ना. एवढ्या मुलांनी काढला, एखाद्याने तरी ठेवला असेल."

पंधरा-सोळा वर्षं ती मंगळवारी आणि शुक्रवारी हेच करत होती, आणि आम्ही घरी बसून हसत होतो.

त्यानंतर मी शुक्रवार चुकवला नाही. मंगळवारीही जाऊ लागलो. जुन्या चित्रकारांची नावं काढली, इंटरनेटवर शोधलं, दोन-चार ठिकाणी पत्रं टाकली. हाती काही लागलं नाही. आणि एका मंगळवारी, काही अपेक्षा नसताना, प्रभादेवीच्या एका लहानशा हॉलमध्ये आम्ही शिरलो. चित्रकलेच्या एका दिवंगत शिक्षकांच्या चित्रांचं प्रदर्शन त्यांच्या मुलीने भरवलं होतं. आत्या नेहमीसारखी उजव्या हाताने निघाली. चौथ्या चित्रापाशी थांबली. दुसरा चष्मा तिने काढलाच नाही. हातातली छत्री माझ्याकडे दिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ही बघ. ही तुझी धाकटी आत्या."

बुटक्या स्टुलावर एक मुलगी बसली होती. मांडीवर रिकामी परडी, एका पावलावर दुसरं पाऊल, ओठ आत ओढून घेतलेले, जणू हसू आलंय आणि हलू नको असं कोणी नुकतंच दटावलंय. खाली लिहिलं होतं, ‘परडी घेतलेली मुलगी’. अंगावर विटकरी रंगाची, बारीक काठांची साडी.

"साडी माझी आहे," आत्या म्हणाली. "मीच दिली होती नेसायला."

त्या शिक्षकांची मुलगी जवळ आली. चाळिशी उलटलेल्या होत्या त्या. आत्या काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बाबांच्या विद्यार्थिदशेतलं आहे हे. कोणाला दिलं नाही त्यांनी कधी. त्यांच्या वहीत ह्या चित्रापुढे फक्त ‘नलू’ एवढंच लिहिलंय. सांगायचे, ही मुलगी मधल्या सुट्टीत सगळ्या मास्तरांच्या नकला करायची."

"आमच्या वडिलांचीही करायची," आत्या म्हणाली, आणि तिथल्या खुर्चीवर बसली.

प्रदर्शन रविवारपर्यंत होतं. चित्र एका बाहेरगावच्या माणसाने आधीच घेऊन ठेवलं होतं आणि दिलेला शब्द बाईंना मोडता येत नव्हता. हे सांगताना त्यांचेच डोळे भरून आले. आत्या रोज सकाळी हॉल उघडताना जाऊन बसायची आणि बंद होताना उठायची. बाईंनी तिच्यासाठी पाठीला उशी आणून ठेवली. शनिवारी मी घरी वडिलांना सगळं सांगितलं. रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले आणि म्हणाले, "चल."

चित्रासमोर ते हात मागे बांधून उभे राहिले. मग म्हणाले, "हिच्या कडेवर बसून मी नळावर जायचो."

आत्या खाली बघत म्हणाली, "मी त्या दिवशी नाही म्हटलं होतं रे. मला ठाऊक होतं सगळं."

"माहीत आहे. मी दाराआड होतो."

"आणि इतकी वर्षं तू..."

"ताई, आबांसमोर बोलायची छाती कोणाची होती? आईची नव्हती. तू बावीस वर्षांची पोर." वडिलांनी शेजारची खुर्ची ओढली आणि ते तिच्याजवळ बसले. दोघं सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, एका बाजूला पर्स, एका बाजूला पाण्याची बाटली, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे दिसत होते. दुपारी एकदा वडिलांनी विचारलं, "हसायची कशी गं ती?" आणि आत्याने सांगितलं, "नाकातून."

संध्याकाळी चित्रं उतरवायला सुरुवात झाली. खालची पाटी बदलता येईल का, असं आत्याने विचारलं. बाई म्हणाल्या, पाटी कागदाची आहे, ती काय टिकणार. त्यांनी चित्र उतरवून टेबलावर पालथं ठेवलं, आत्याच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "मागच्या लाकडावर लिहा. ते राहील." आत्याने चष्मा पुसला. ‘नलिनी’ लिहिलं आणि थांबली. पेन्सिल इतका वेळ तशीच धरून बसली की मला वाटलं, झालं लिहून. मग तिने पुढे आजोबांचं नाव लिहिलं. मग आडनाव. वडिलांनी वाकून वाचलं आणि मान हलवली. बाईंनी चित्र कागदात गुंडाळलं. ते कुठल्या गावी, कोणाच्या भिंतीवर गेलं, आम्हाला माहीत नाही.

त्यानंतर आत्या कुठल्याच गॅलरीत गेली नाही. मंगळवार आणि शुक्रवार तिच्यासाठी इतर वारांसारखे झाले. दीडेक वर्षांनी तिने अंथरूण धरलं. शेवटच्या पंधरवड्यात तिला माणसं नीट ओळखू येत नव्हती. माझी बायको रोज तिचे पाय चेपायची, तेव्हा आत्या डोळे मिटून तिला नलू म्हणायची. आम्ही कोणी दुरुस्त केलं नाही. बायको दरवेळी ओ देत असे.