फोटोपुरतं मशीन

"साडी साधी नेस हं. इस्त्रीची नको. आई नेसायची तशी."

मीनलताई हे सहज म्हणाल्या, पोह्यांवर खोबरं पसरता पसरता. सिडनीतल्या गिरावीन भागातलं त्यांचं घर. समोरच्या मोठ्या टीव्हीवर माझी आई होती. शिवणाच्या मशीनवर बसलेली, कॅमेऱ्याकडे बघणारी. आईला जाऊन तेव्हा नऊ आठवडे झाले होते.

आमच्या संस्थेच्या कमिटीतल्या समीरने लॅपटॉपवरून फोटो आणखी मोठा केला. "काय पॉवरफुल इमेज आहे यार. हिच्यावरच कार्यक्रम संपवू आपण."

हिच्यावर. म्हणजे माझ्या आईवर.

मीनलताईंनी मला एक कागद दिला. "दोनच मिनिटांचं भाषण आहे. तुझ्याच शब्दांत लिहिलंय मी."

पहिलं वाक्य होतं, माझी आई अडाणी होती, तिच्या हातात कुठलीही कला नव्हती. शेवटचं होतं, या मशीनने तिचं आयुष्य बदललं. मी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. "बघते," म्हणाले. नाही म्हणाले नाही. हे मी आधीच लिहून ठेवते.

आमची संस्था लहान, मीनलताई ती चालवतात. दहा-बारा मराठी घरं. वर्षातून एकदा जवळच्या टूनगॅबीच्या एका हॉलमध्ये जेवण ठेवायचं आणि त्यात जमलेल्या देणग्यांतून खेड्यातल्या बायकांसाठी शिवणवर्ग चालवायचे. मी लायब्ररीत काम करते, फारशी बोलत नाही, म्हणून पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्या गावात वर्ग काढा, असं मीच सुचवलं होतं. मीनलताई खूश झाल्या. "अगं, ते तर माझ्या मामांचं गाव. त्यांच्या घरातच जागा आहे. तुझं घर कुठे गावात?"

"ओढ्यापलीकडे."

"अच्छा."

त्या 'अच्छा'नंतर त्यांनी मला गावाबद्दल काही विचारलं नाही. तेव्हापासून त्यांच्या घरी मला चहा कागदी कपात मिळतो. बाकीच्यांनाही कधी कधी मिळतो. कदाचित कप धुवायचा कंटाळा असेल. मी बघत राहते, एवढंच.

मामांचं घर मला माहीत होतं. लहानपणी आई त्या घरचे कपडे दुरुस्त करायची. शिवून झाले की आम्ही ते पायरीवर ठेवायचो आणि मागे सरकायचो. मग कुणीतरी येऊन उचलायचं. हे सगळं माहीत असून मी मीनलताईंना हो म्हणाले. सांगायची लाज वाटली. लाज मला का वाटावी, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

आईला फोनवर म्हणाले, "जा तू वर्गाला."

"त्या घरात?" आई म्हणाली.

"आता तसं काही राहिलं नाही गं."

सिडनीत बसून मी तिला हे सांगितलं. ती तिथे राहत होती, आणि मी तिला सांगितलं.

आई वर्गाला गेली. पुढे ती वारली; मी गावी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिच्या पेटीत वर्गाचं सर्टिफिकेट निघालं, जुन्या पोलक्यात गुंडाळलेलं. यंत्रावरील शिवणकाम, असं त्यावर छापलेलं. ते मी इकडे घेऊन आले. आईला मशीन चालवता आलं, ही एक गोष्ट तरी मी तिच्यासाठी केली, असं मनाशी धरून रोज कामावर जात होते.

त्या दिवशी मीनलताईंकडून आल्यावर फोटो माझ्या कॉम्प्युटरवर उघडला. आईचा चेहरा जवळून बघायचा होता. चेहऱ्यावरून नजर खाली आली. मशीनवर रीळ नव्हतं. सुईत दोरा नव्हता. सुईखाली कापडसुद्धा नव्हतं. दोरा होता तो आईच्या पोलक्यावर. छातीशी तिची हातशिलाईची सुई टोचलेली आणि तिला पांढरा दोरा गुंडाळलेला. काम करता करता कुणी हाक मारली की ती सुई तशी टोचून ठेवायची.

म्हणजे तिला कामावरून उठवून मशीनवर बसवलं होतं.

रविवारी दुपारी मावशीला फोन लावला. मावशी आईची धाकटी बहीण, वर्गाला तिच्याबरोबरच जायची. तिकडे सकाळ होती. मशीन कुठे ठेवलेली असायची, एवढंच मी विचारलं.

"मशिनी आत, सोप्यात. त्यांच्या बाया आत. आमी भाईर, पत्र्याखाली. काजं-बटनं आन् हातशिलाई आमच्याकडं."

"मग फोटो?"

"फटूच्या दिवशी आक्काला आत बोलावलं. बस म्हनले, बसली. फटू झाला. ऊठ म्हनले, उठली."

"मग?"

"मग त्या घरच्या बाईनं मशिनीवर पानी शिपडलं. आक्का म्हनली, बाई, वाईच त्याल बी घाला, न्हाईतर गंजंल."

मावशी हसली.

"तुला सांगू नगं म्हनली हुती. पोरीनं हौसंनं वर्ग काढलाय म्हनली."

फोन ठेवल्यावर मी पर्समधला कागद काढला. पुन्हा वाचला. तिच्या हातात कुठलीही कला नव्हती. माझ्या मागे पलंगावर आईने शिवलेली गोधडी होती. त्याच हातांची.

कार्यक्रमाला मी हिरवी साडी नेसले. कडक इस्त्रीची. दारात मीनलताईंनी ती वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाल्या, "असो." पडद्यावर आई आली. माझं नाव पुकारलं. मला माईकची सवय नाही, म्हणून चार ओळी लिहून नेल्या होत्या. माझ्या.

"ही माझी आई. फोटोत सुईत दोरा नाही, कारण तिला मशीनवर शिवू दिलं नाही. ओढ्यापलीकडच्या बायकांना वर्गात मशीनला हात लावता येत नाही. आई फोटोपुरती बसली आणि ती उठल्यावर त्या घराने मशीनवर पाणी शिंपडलं. ते घर मीनलताईंच्या मामांचं आहे. तिला तिथे मी पाठवलं. मलाही जाब विचारा."

समीरने फोटो बंद केला.

"राहू दे," मी म्हणाले. "बघू दे त्यांना."

पडदा पांढराच राहिला. मीनलताईंनी माझ्या हातातून माईक घेतला. आवाज अगदी मऊ. "आपल्या मैत्रिणीची आई नुकतीच गेलीय. ग्रीफमध्ये माणूस काहीही बोलून जातं. आपण समजून घेऊ या. जेवण गरम आहे, प्लीज."

लोक उठले. रांग लागली. संस्थेतल्या ज्या मित्राशी मी चार वर्षं क्रिकेटपासून व्हिसापर्यंत सगळं बोलले, तो प्लेट घेऊन जवळ आला. "कमॉन मेट, इथे कशाला जात आणायची?"

"मी नाही आणली. ती फोटोत होती."

तो पुरणपोळीकडे गेला. मी न जेवता निघाले. गोधडीवर बसून रडले, हेही लिहिते. पण केलेल्या गोष्टीचं रडू नव्हतं ते. तेल घाला म्हणणाऱ्या आईचं होतं.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवरून आईचा फोटो काढलेला होता. मला थोडं बरं वाटलं. मग दिसलं की त्याच जागी दुसरी बाई आहे. तरुण, हसरी, तेच मशीन. मी फोटो मोठा केला. रीळ नाही. दोरा नाही. कापड नाही.

फोटो मावशीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "ही? आपल्यातलीच की. आमच्या मागल्या आळीची सून."

त्यानंतर कमिटीचा मेसेज आला. गैरसमज घरातल्या घरात मिटवू, मीनलताईंकडे चहाला ये.

मी जाणार नाही. लायब्ररीत रजा टाकली आहे. गावी जाऊन त्या सुनेशेजारी पत्र्याखाली बसणार आहे. ती सांगेल ते तिच्या शब्दांत लिहून घेईन, तिला वाचून दाखवेन, आणि ती हो म्हणाली तर तिच्या नावाने त्या हॉलमधल्या एकेकाला पाठवेन. मग शेजारणीचं लिहीन. मग तिच्या शेजारणीचं. मशीन ओढा ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत पाठवत राहीन.

ते म्हणतील, ही दुःखात आहे.

दुःखात मी आहेच. ते संपायची वाट मी बघणार नाही.