फाट्यावरच्या पिशव्या

सावळारामतात्यानं तीस वर्षं वालचंदनगरच्या वसाहतीत शाळेची बस चालवली. त्याची बस वळणावर दिसली की बाया घड्याळ न बघता कुकर उतरवायच्या. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

निवृत्त होऊन कळंबला आल्यावर त्याला एकच गोष्ट सलत राहिली. वस्त्यांवरच्या म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना बारामतीला जायचं तर एसटी गाठायला तीन किलोमीटर चालावं लागे. सहा महिने त्यानं ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवल्या, ग्रामसभेत दोनदा हसं करून घेतलं, तेव्हा कुठं गावानं मिळून एक जुनी क्रूझर घेतली. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सातला फाट्यावरून सुटायचं; चालवणार तात्याच. चार माणसं तरी बसली पाहिजेत, नाहीतर महिनाअखेरीस गाडी बंद, असं सभेनं ठरवलं. फाट्यावर तात्यानं गाडीच्या वेळेची, स्वतः रंगवलेली पाटी रोवली.

सगळ्यात जास्त भिस्त होती ती सिंधुबाईची. तिचं डायलिसिस चालू होतं. साडेआठला खाट मिळायची, साडेबाराला तीच खाट दुसऱ्याची. उशीर झाला की तेवढा वेळ तिच्याच अंगातून वजा.

पहिल्या आठवड्यात वळणावरच्या घरातली अनिता डबा घेऊन धावत आली.

"तात्या, आमच्या सुयोगला हॉस्टेलवर एवढं द्या की. गरम भाकरी हाय."

अन्नाला नाही कसं म्हणायचं? तात्यानं डबा घेतला, आणि तिथंच चुकला. पुढच्या खेपेला पाच डबे आले. मग मेथीच्या जुड्या, पेरू, शिवायला टाकायची कापडं. बारामतीत शिरलं की दारोदार थांबायचं, आणि पोरं नेमकी अंघोळीला गेलेली.

एका शुक्रवारी दवाखान्यात पोचायला सव्वानऊ झाले. सिंधुबाईला सव्वातीन तासच मिळाले. परतताना सुजलेले पाय चपलेत जाईनात. चपला हातात घेऊन ती गाडीत चढली.

त्यानं संध्याकाळीच फाट्यावर सांगून टाकलं, "आता एक पिशवी घेणार न्हाय."

डेअरीवरचा युवराज हसला. "गाडी गावची हाय का तुमच्या सासऱ्याची?"

"गावची हाय म्हणूनच सांगतो. माणसं न्यायला घेतलीय, मेथी न्हाय."

"मेथी काय पाय लांब करून बसती व्हय, तात्या?"

सगळे खो खो हसले.

मंगळवारी सातला फाट्यावर पिशव्यांचा मालक एकही नव्हता. पाटीला मात्र अकरा पिशव्या लटकत होत्या, प्रत्येकीत नावाची चिठ्ठी. नाही म्हणायचं तरी कुणाला? ओझ्यानं पाटी वाकली होती. अनिताचा डबा अजून गरम होता.

"घे रं," गाडीत बसलेली म्हातारी बनाबाई म्हणाली. "अन्न हाय. कुत्री खात्याल."

तात्याचा हात वर गेला, तसाच खाली आला. त्यानं गाडी काढली. आरशात पिशव्या हलताना दिसत राहिल्या.

साडेआठच्या आत ते पोचले. सिंधुबाईला पुरे चार तास मिळाले. तेवढ्या वेळात तात्याचा फोन चौदा वेळा वाजला.

शुक्रवारी पाटी मोकळी होती, आणि गाडीही. बनाबाई युवराजच्या मोटरसायकलवर गेली होती. बाकीचे आलेच नाहीत. एकटी सिंधुबाई मागं बसली होती. चार माणसांचा नियम तिलाही ठाऊक होता.

"तात्या, घ्या की त्यांच्या पिशव्या," ती हळूच म्हणाली. "मी बसते अर्धा तास कमी."

संताप कुणावर काढावा हेच त्याला कळेना.

"तुमचा अर्धा तास वाटायला मी कोण, वैनी? म्हैनाअखेर हाय अजून लांब. तवर गाडी सातलाच सुटंल."

रिकाम्या सीटा खडखडवत क्रूझर निघाली. वळणावर अनिता दारात उभी होती. गाडी दिसताच तिनं तोंड फिरवलं. तात्यानं सवयीनं हॉर्न दिला.