सांगलीच्या ड्रॉवरमधली डिस्क

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच लिहून टाकतो. या सदरातले अनुभव मी सकाळच्या पॅसेंजरमध्ये वाचतो, वेळ जायला... आणि खरं सांगायचं तर शेजारच्याला वाचून दाखवून हसतो. माझा धंदा कॉम्प्युटर जोडायचा आणि दुरुस्त करायचा. 'साहेब, मशिनला काहीतरी बाधा झालीय' असं सांगणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं तरी येतंच. बाधा म्हणजे आत मेलेली पाल असते, नाहीतर सैल झालेली केबल. गेल्या दसऱ्याला आमच्याकडे जे झालं त्यात पाल नव्हती, आणि केबल तर मुळात लावलेलीच नव्हती. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही मूळचे माण तालुक्यातले धनगर. वडील — त्यांना आम्ही आबा म्हणायचो — चाळीस वर्षं मेंढरांमागं चालले. दिवाळी झाली की माणातून निघायचं, रहिमतपूर, उंब्रज करत पाटणच्या डोंगराकडे सरकायचं आणि पावसाच्या तोंडावर माघारी. गुडघे गेल्यावर मेंढरं विकली आणि ते आईसह रहिमतपूरला माझ्याकडे आले. इथं आमचं दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची पडवी. माझं दुकान मात्र सांगलीत, इक्बालभाई म्हणून भागीदार आहेत त्यांच्याबरोबर. रोज सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी. चाळिशी यायच्या आत पाठ साठीची झालीय.

माझी बायको सुनंदा बारावी झालेली, मराठी टायपिंग येणारी. आबांची ती चाळीस वर्षांची वाट लिहून काढायचं तिच्या डोक्यात आलं. कुठल्या मुक्कामाला कुणाच्या रानात मेंढरं बसवली, पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या गवतानं मेंढरू फुगतं, कुठल्या पाटलानं हाकललं — सगळं. संध्याकाळी आबा घोंगडं टाकून बसायचे आणि ही टाईप करायची.

"लिव्ह... उंब्रजच्या म्होरं नदी लागती. तितं शिंद्याचं रान. माणूस लय सरळ. म्हातारीनं ताक दिल्याबिगर कवा सोडलं न्हाई."

"ताक बी लिवू व्हय, मामंजी?"

"मंग? ताकच लिव्ह आदी."

आबांना सहीसुद्धा येत नव्हती. कागदावर त्यांचं म्हणून काही होतं तर ते हेच. सुनंदा त्यात इतकी गुंतली होती की भाजी करपली तरी तिला वास यायचा नाही.

आता आमच्या घरातल्या एका डब्याबद्दल. घरात मी एक सर्व्हर बांधला होता. ऐकायला मोठं वाटतं, पण ते एक जुनं फोर-एट-सिक्सचं मशिन होतं, पितळी डब्यांच्या फळीवर मावेल अशा छोट्या कॅबिनेटमध्ये कोंबलेलं. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. आत दोन हार्ड डिस्क. सुनंदाच्या कॉम्प्युटरमधून भिंतीच्या कडेनं एक काळी केबल त्या डब्यापर्यंत नेली होती. ती टाईप करायची ते तिच्या मशिनवर न राहता डब्यातल्या पहिल्या डिस्कवर जायचं, आणि रोज रात्री दहा वाजता डबा आपणहून पहिल्या डिस्कवरचं सगळं दुसरीवर उतरवून घ्यायचा. एक गेली तर दुसरी आहे. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स घालून, महिनाभर डोकं फोडून मी ते बसवलं होतं. त्याचा मला लय गर्व होता, हेही कबूल करतो. सुनंदा म्हणायची, फ्लॉपीवर घेऊन ठेवू का थोडं थोडं? मी म्हणायचो, फ्लॉपीला बुरशी येते, आपल्याकडे सर्व्हर असताना फ्लॉप्या कशाला पाहिजेत?

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पत्रा असा तापला की डबा दिवसाआड बंद पडायला लागला. छोट्या कॅबिनेटमध्ये दोन डिस्क एकमेकींना चिकटून, हवा जायला जागा नाही. मी दुसरी डिस्क काढली. चांगला पंखा आणून परत बसवू, आठवडाभराचा प्रश्न आहे, असं ठरवून ती चंदेरी पिशवीत घातली, बिस्किटाच्या डब्यात ठेवली आणि सांगलीच्या दुकानात माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात टाकली. इकडे डबा रोज दहा वाजता 'दुसरी डिस्क सापडत नाही' अशी तक्रार लिहून ठेवायला लागला, म्हणून कॉपीच्या आज्ञेच्या ओळीपुढं मी एक # टाकला. ज्या ओळीपुढं ही खूण असते ती ओळ मशिन वाचतच नाही. तक्रार बंद झाली. कॉपी तर बंदच होती.

पंखा काही आणला नाही. कारण काही नाही... गाडी, गिऱ्हाईकं, लाईट जाणं, परत गाडी. घरी आल्यावर सुनंदा चहा पुढं ठेवून विचारायची, "आवं, कॉपी व्हतीय न्हवं रोज?" आणि मी बूट काढता काढता म्हणायचो, "व्हय." पहिल्यांदा म्हणताना तिच्याकडे बघितलं नव्हतं. नंतर सवय झाली.

जूनमध्ये दोघांनी पाटणकडचा सगळा भाग लिहून संपवला. आषाढात आबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. नुसता 'ऑ' एवढा आवाज यायचा, आणि तो आला की त्यांना स्वतःलाच लाज वाटायची. तरी सुनंदा थांबली नाही. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायची. बरोबर असेल तर ते डोळे मिटायचे, चूक असेल तर डाव्या हातानं खाटेवर मारायचे.

नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळचं मला स्पष्ट आठवतं, कारण मी तिथंच चहा पीत होतो. तिनं शिंद्यांचं रान नदीच्या अलीकडे लिहिलं होतं. आबा खाटेवर मारत राहिले. तिनं नाव बदलून पाहिलं, विहीर बदलून पाहिली, तरी मारायचे थांबेनात. शेवटी ती म्हणाली, "नदीच्या पल्याड का, मामंजी?" तेव्हा कुठं डोळे मिटले. तिनं 'पलीकडे' केलं आणि मशिन बंद करून स्वयंपाकाला गेली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी हत्यारं धुऊन पुजतात आणि चालवत नाहीत. आबांची काठी, लोकर कातरायची कात्री, माझे स्क्रू-ड्रायव्हर, सगळं पाटावर मांडलं. आई डब्याकडे बोट करून म्हणाली, "आन् ह्येला रं? वर्सभर घुरघुरतंय बिचारं. एक दिस इसावा दे की."

मी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय की जुनी डिस्क महिनोन् महिने चालू राहिली की तिला थंड होऊ देऊ नका, परत उठत नाही. आणि मीच स्वतःच्या हातानं डबा बंद केला. आईनं त्यावर हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याला सकाळी चालू केला तर पंखा फिरला, आणि डिस्कमधून टक... टक... आणि मग काहीच नाही. काढून तळहातावर झटका देऊन फिरवली. उन्हात ठेवली. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं हळू ठोकली. दुपारपर्यंत जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं. डिस्क मेली होती.

सुनंदा पुरणाचे हात पुसत आली. "मंग त्यात काय एवडं? दुसरीवर हाय की सगळं."

"हाय की," मी म्हणालो. "जरा एक पार्ट लागंल. उद्या सांगलीला जाऊन आणतो."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली होती तरी मी दारात उभा राहिलो. ड्रॉवरमधल्या डिस्कवर मेपर्यंतचं असणार. पाटणकडचं सगळं गेलं, आषाढानंतरच्या दुरुस्त्या गेल्या, आणि सांगणारा माणूस आता बोलत नाही. सुनंदाला काय सांगायचं याचा विचार करत होतो. खोटं सुचत होतं. खरं कसं सांगायचं तेवढं सुचत नव्हतं.

दुकानात इक्बालभाई दसऱ्याचे हार उतरवत होते. मी ड्रॉवरचं कुलूप काढलं. किल्ली एकच, ती माझ्या घराच्या किल्लीबरोबर असते. बिस्किटाच्या डब्यावर धूळ होती, झाकणावर बोट फिरवलं तर रेघ उठली. पिशवीची चिकटपट्टी मी लावली तशीच. डिस्क दुकानातल्या मशिनला लावली आणि यादी काढली.

सगळं होतं. मेपर्यंतचं म्हणत नाही मी... सगळं. पाटण होतं, जून होता, शेवटच्या फाईलवर अष्टमीची तारीख होती. ती उघडली. शिंद्यांचं रान नदीच्या पलीकडे होतं.

मी खुर्चीवर बसलो. इक्बालभाई म्हणाले, "का रं? तोंड का असं पडलंय?"

"भाई, ही डिस्क तुमी कवा जोडली व्हती का?"

"किल्ली तुझ्याकडं, आन् जोडू कशी? तुझ्या घरचं मला काय ठावं, गड्या?"

डबा रोज कॉपी झाल्यावर एक ओळ लिहून ठेवतो, ती नोंदही या डिस्कवर होती. मेपासून अष्टमीपर्यंत रोज रात्री दहा. एकही दिवस गाळलेला नाही. दहाच्या वेळी रहिमतपूरला लाईट नव्हती ते दिवससुद्धा. तारखा चुकल्या असतील म्हणाल, तर 'पलीकडे' हा शब्द कुठून आला? मीच कधीतरी कॉपी करून विसरलो म्हणाल, तर अष्टमीची संध्याकाळ ते खंडेनवमीची पूजा यामध्ये मी सांगलीला आलोच नव्हतो. आणि शेवटी मी त्या आज्ञेची फाईल पाहिली. घरच्या डब्यातली फाईल जशीच्या तशी इथं उतरली होती, आणि त्या ओळीपुढं मी टाकलेला # होता. म्हणजे कॉपी बंद आहे हेसुद्धा त्या कॉपीत नीट कॉपी झालं होतं! त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. भर दुपारी, समोर रस्ता वाहत असताना.

नवा पंखा आणि मेलेलीच्या जागी एक नवी डिस्क घेतली, घरी आलो, दोन्ही डिस्क बसवल्या. सुनंदानं फाईल उघडून आबांना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटले. तिला काहीच वेगळं वाटलं नाही, कारण तिच्या दृष्टीनं काही वेगळं झालंच नव्हतं. कॉपी होत होती, ती मिळाली. शेजारच्या वैनींना सांगत होती, "आमचं ह्ये बाकी कशात न्हाईत, पर कामाला पक्कं. म्हणून वाचलं." मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आबांना विचारावं असं एकदा मनात आलं होतं. काय विचारणार, आणि त्यांनी कसं सांगायचं... राहून गेलं. माघात ते गेले. सुनंदानं सगळं छापून, बांधून त्यांच्या फोटोखाली ठेवलं.

चैत्रात एक दिवस मला ते ओझं सोसेना. दुपारी ती शेवया करत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ड्रॉवर, धूळ, रोजच्या नोंदी, ती खूण. वाटलं, तीही घाबरेल, निदान देवाचं नाव घेईल.

तिनं शेवयांचा हात थांबवला. मग म्हणाली, "म्हंजी मे म्हैन्यापास्नं मी रोज इचारत व्हते, आन् तुमी रोज मला खोटं सांगत व्हता?"

डिस्कबद्दल तिनं एक अक्षर विचारलं नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती स्वतः डब्यापुढं बसून दोन्ही डिस्क तपासते. मला विचारत नाही. ती डिस्क कशी भरली याचं उत्तर माझ्याकडे नाही, इथल्या कुणा जाणकाराकडे असेल तर जरूर कळवावं. तिला मात्र ते उत्तर नकोय.